एक लाख तीनची सावड

भांडण टेम्पोच्या नंबरावरून सुरू झालं.

तनुजाचा मामा भुजंग शनिवारी संध्याकाळी लातूरहून नवा टेम्पो घेऊन आला. आमचं गाव उमरीपासून सात किलोमीटर आणि रस्ता असा, की नवी गाडी गावात पोचेपर्यंत जुनी दिसायला लागते. रविवारी सकाळी मामाने ती धुतली, पुसली आणि नंबराच्या पाटीला झेंडूचा हार घातला. मी दूध घेऊन परतत होतो, तर त्याने मला अडवलंच.

"बगा गुरुजी, छत्तीस सत्तावीस! तीन न् सहा नऊ, दोन न् सात नऊ. बेरीज कशीबी करा, नऊच. जाणत्या मानसाला इचारून घेतलाय. कुनाच्या बापाला मोडत न्हाई असा नंबर हाय."

ओट्यावर बसून दात घासत असलेली तनुजा तोंड धुवायलाही थांबली नाही. "मोडतो की मामा. नवानं मोडतो."

"आँ?"

"बेरजेत नऊ आले म्हणजे नवानं भाग जातोच. नऊ गुणिले चारशे तीन. आन् चारशे तीन तेरानं मोडतो. तेरा गुणिले एकतीस."

मामाने हाराकडे असं पाहिलं, जणू फुलंच खोटी निघाली. मला हसू आवरेना. तनुजा सातवीत आहे, गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण दर रविवारी मुलांना घेऊन बुद्धविहाराच्या सभागृहात बसतो. तिथली फरशी गुळगुळीत आणि थंडगार आहे. मुलं वही उघडत नाहीत, खडूने थेट फरशीवर गणितं करतात. अट एकच, संध्याकाळच्या वंदनेआधी फरशी धुऊन द्यायची.

मामा खरा कशासाठी आला होता ते मला ठाऊक होतं. तनुजाला जूनपासून लातूरला आपल्या घरी न्यायचं, तिथल्या शाळेत आणि क्लासला घालायचं, असं त्याच्या मनात होतं. तिचे वडील रामकिशन महिनाभर "बघू" म्हणत होते. आज उत्तर द्यायचं होतं. तनुजाला जायचं नव्हतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

"बगा दाजी," मामा रामकिशनकडे वळला, "हेच म्हनतोय मी. पोरगी हुशार हाय, पर एकटी हाय. हितं तिच्या जोडीला कोन हाय सांगा? हितं राहिली तर गंजून जाईल."

"मी एकटी न्हाई," तनुजा म्हणाली.

"बरं. मग न मोडनारा नंबर दाखव मला. लाखाच्या वरचा, पहिला. आन् मोडत न्हाई हे पटवून दे. फोन लावायचा न्हाई. पाच वाजता मी निघनार. दाखवलास तर ऱ्हा हितंच. न्हाई तर जूनला पेटी भरायची."

रामकिशन खांद्यावरचा टॉवेल झटकत म्हणाले, "चालंल." बिचाऱ्याला महिनाभराच्या 'बघू'मधून सुटका हवी होती.

तनुजाची आई तुळजाबाई सगळं ऐकत होती. तिने घरातले तिन्ही फोन गोळा केले, भावाचाही, आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. "आता कोन काय लावतंय बघते," ती म्हणाली.

हे उत्तर मला शिक्षक होताना शिकवलेलं होतं. पण माहीत असलेलं उत्तर मुलाला सांगणं म्हणजे त्याच्या ताटातला घास आपणच खाणं. मी विहाराचं कुलूप काढलं, खडूचा डबा ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो.

तनुजाने फरशीवर लिहिलं, १,००,००१. थोडा वेळ बोटं मोडली आणि खोडलं. अकराने भाग जातो. १,००,००२ सम आहे, तो गेला. मग १,००,००३. सम नाही. शेवटी पाच किंवा शून्य नाही. अंकांची बेरीज चार, म्हणजे तीननेही नाही.

"गुरुजी, किती संख्यांनी भागून बघायचं? एक लाख वेळा?"

"तुला काय वाटतं?"

तिने आधी लहान संख्येवर करून बघायचं ठरवलं. मग तिने ३६ घेतला. भागणाऱ्या संख्या जोडीने येतात, हे तिला दिसलं. दोन आणि अठरा, तीन आणि बारा, चार आणि नऊ, आणि मधोमध सहा गुणिले सहा. जोडीतला एक सहापेक्षा मोठा असेल, तर दुसरा सहापेक्षा लहान असतोच. दोघेही मोठे असले तर गुणाकार छत्तीसच्या पुढे जाईल.

"म्हणजे लहान जोडीदार सापडला न्हाई, तर थोरला पण न्हाईच!" ती उठून उभी राहिली. मग तिने गुणाकार करून पाहिले. ३१६ गुणिले ३१६ म्हणजे ९९,८५६. ३१७ गुणिले ३१७ लाखाच्या पुढे, १,००,४८९. म्हणजे ३१६च्या पुढे जायलाच नको.

"आणि सहाने भागून बघायचं का?" मी विचारलं.

"सहानं कशाला? दोननं गेला न्हाई तर सहानं कसा जाईल? फक्त मूळ संख्यांनी बघायचं."

तिने ३१३पर्यंतच्या मूळ संख्या काढल्या. त्या पासष्ट निघाल्या. दोन, तीन आणि पाच झालेच होते, बासष्ट राहिले. ती भागाकारांना बसली. सातने भागलं, बाकी एक. "बाई गं, एकानं वाचला," ती म्हणाली. अकराने, बाकी दोन. तेराने, बाकी सात. तेवीसला बाकी बावीस, पुन्हा एकानेच वाचला. मला त्या संख्येचं कौतुक वाटू लागलं होतं. कुणाच्या हाती लागत नव्हती.

साडेदहापर्यंत तिने एकसष्टपर्यंत मजल मारली. पंधरा भागाकार, तेही दोन-दोनदा तपासून. बोटं खडूने पांढरी झाली होती. अजून सत्तेचाळीस उरले होते, आणि पुढचे सगळे लांबलचक. दुपार गाठेपर्यंत हात गळणार हे तिलाही कळलं.  तिने नाक वर ओढलं.

तेवढ्यात विहाराच्या दारात तिची मैत्रीण विशाखा आली. विशाखाच्या मागे पाचवीतला आदर्श, त्याच्या हातात बॅट, आणि त्याच्या मागे अख्खी टोळी.

"तनू, खेळायला येतीस का न्हाई?" विशाखाने विचारलं.

तनुजाने सगळं सांगितलं. नंबर, मामा, पाच वाजता, पेटी. 

विशाखाने फरशीवरची यादी वाचली. कमरेवर हात ठेवले. "आगं मग एकटी काय करून राहिलीस? सावड करू की!"

सावड म्हणजे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. आज तुमच्या शेतात आम्ही सगळे येतो, उद्या आमच्या शेतात तुम्ही सगळे या. जिचं शेत, तिने त्या दिवशी जेवू घालायचं. आणि एक रीत फार जपायची. सावडीला आलेल्या बाईने धरलेली ओळ शेतवालीने मागून जाऊन तपासायची नाही. तो अपमान असतो. हरभरा काढणी चालू होती, पोरं रोज घरी हेच बघत होती. म्हणून तर विशाखाला ते सुचलं. मी चाळीस वर्षं भागाकार शिकवला, पण भागाकाराची सावड मला कधी सुचली नव्हती.

"सत्तेचाळीस ओळी हायेत," आदर्श म्हणाला. "आपण किती?"

मोजले. तनुजा धरून बावीस.

"दोन-दोन घेतल्या तर चव्वेचाळीस. तीन उरतात."

एकाने धावत जाऊन भावाला आणलं. तेवीस झाले. दोन-दोन म्हणजे सेहेचाळीस. एक उरली.

"अजून एकाला आणा!"

"मग अठ्ठेचाळीस लागतील. एक कमी पडंल!"

"दोघांना परत पाठवा!"

"आम्ही न्हाई जानार!"

पाच मिनिटं नुसता गोंगाट चालला. मग तनुजाच कपाळावर हात मारून हसायला लागली. सकाळपासून पहिल्यांदा. "आरं, सत्तेचाळीस पण मूळ संख्याच हाय! तिचे सारखे वाटे होनारच न्हाईत. प्रत्येकाला एक द्यायची तर सत्तेचाळीस पोरं आणा, न्हाई तर एकानं सगळ्या करा."

शेवटी सगळ्यात मोठी ओळ, ३१३, बाजूला ठेवली. "ती उरंल तशी बघू," विशाखा म्हणाली. लहानांना लहान संख्या दिल्या, मोठ्यांना मोठ्या. आदर्शच्या वाट्याला ८३ आणि ८९ आल्या. त्याने बॅट भिंतीला टेकवली, पण अशी, की हात पोचेल.

तुळजाबाईला निरोप गेला, की सावड आहे आणि तेवीस माणसं जेवायला आहेत. निरोप घेऊन गेलेला पोरगा परत आला तो सांगत, "काकू म्हनल्या, आधी सांगायला तोंड न्हवतं का? आन् फोन काढल्याबिगर पीठ कसं काढू?"

जेवण आलं. भाकरी, पातळ बेसन, शेंगदाण्याची चटणी. जेवून मुलं पुन्हा फरशीवर पालथी पडली. प्रत्येकाने आपल्या चौकोनात आधी आपल्या संख्येचा नऊपर्यंत पाढा लिहिला, मग भागाकार. फरशी पांढरी होत गेली. शेजारच्याची वजाबाकी चुकली की दुसरा पालथ्या पालथ्याच ओरडायचा. मी एका कोपऱ्यात बसून एवढंच करत होतो, की खडू तुटला की दुसरा द्यायचा.

मला एक गोष्ट मुलांना सांगायची होती, पण त्यांना ती आपोआप कळत गेली. एखादी संख्या मोडते हे दाखवायला एकच माणूस पुरतो. "गेला!" असं एकाने ओरडलं की खेळ संपला. पण मोडत नाही हे दाखवायचं, तर शेवटच्या माणसाचीसुद्धा ओळ पुरी व्हावी लागते. चौसष्ट ओळी चोख निघाल्या आणि एकीत कुणी थाप मारली, तर आपल्या हातात काही नाही.

तीनच्या सुमाराला मामा दारात येऊन उभा राहिला. एवढी पोरं बघून चमकला. "ह्ये काय? एकटीनं करायचं हुतं."

"असं तुम्ही म्हनला न्हाईत," विशाखा डोकं वर न करता म्हणाली. "तुम्ही म्हनलात, फोन लावायचा न्हाई. आमच्यात हाय का कुनी फोन?"

तेवढ्यात खरोखरचा फोन वाजला. तुळजाबाई तो हातात धरून पळत येत होती. फोन पिठाने माखलेला, हात पिठाने माखलेले. "तुझ्या आरतीचा हाय, चारदा वाजला," ती म्हणाली आणि देता देता कुठलंसं बटण दाबलं गेलं. मामाच्या मुलीचा आवाज सगळ्या विहारात घुमला.

"पप्पा, तनू येतेय ना? मी माझं टेबल अर्धं रिकामं केलंय. पप्पा, तिला सांगा, क्लासमध्ये सगळे वहीवर हात ठेवून लिहितात. कुणी काही दाखवतच नाही. ती आली की आम्ही दोघी मिळून करू. पप्पा? ऐकताय ना?"

मामाने घाईघाईने फोन कानाला लावला आणि बाहेर गेला.  तनुजाने खडू खाली ठेवला होता. मग तिने तो पुन्हा उचलला.

साडेतीनला मामा परत आला. डोळे पुसल्यासारखे दिसत होते, पण आवाज चढा. "दाखवा. झालं का?"

"झालं," तनुजा म्हणाली. "फक्त एक उरलाय."

"तपासलं कोनी?"

"सावडीत तपासत न्हाईत."

"मी न्हाई तुमच्या सावडीत. मी तपासनार."

त्याने चपला बाहेर काढल्या, पँट वर खेचली आणि पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं दोन-चार बघून कंटाळेल. पण ह्या माणसाला भागाकार येत होता, चांगला येत होता. ओठ हलवत एकेक ओळ वाचत तो पुढे सरकत होता, आणि मुलं त्याच्यामागे गुडघ्यांवर सरकत होती. आदर्शच्या चौकोनापाशी तो थांबला.

"कोनाची ही?"

"माझी," आदर्श म्हणाला.

"त्र्याऐंशीनं भागलंस, आन् बाकी एकशे चोपन्न? आरं, बाकी भाजकापेक्षा मोठी कशी काय ऱ्हाईल? पोत्यात जागा असताना धान्य बाहेर ठेवलंस!"

आदर्शचं तोंड उतरलं.  एकशे चोपन्नमध्ये अजून एक त्र्याऐंशी बसत होता. तो काढला की काय उरेल? शून्य उरलं, तर सगळं गेलं, चौसष्ट ओळींचं काम गेलं, जूनला पेटी. मामाने बोटानेच फरशीवर वजाबाकी केली. सगळे वाकले.

"एकाहत्तर," मामा म्हणाला.

तेवीस पोरांनी एकदम श्वास सोडला. आदर्शने १२०३ खोडून १२०४ लिहिलं आणि हळूच माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मामा शेवटपर्यंत गेला. बाकीचं सगळं बरोबर होतं. राहिला तो रिकामा चौकोन. वर नुसतं ३१३ लिहिलेलं. पावणेपाच झाले होते. तनुजा पुढे झाली, तर मामाने हात आडवा केला.

"थांब. ह्यो मी करतो."

विशाखाने तनुजाकडे बघून डोळे मोठे केले. मीही जरा सावरून बसलो. ज्याला संख्या मोडलेली हवी, त्याच्याच हातात शेवटचा खडू. पण थांबवायचं कसं? आणि का?

मामा मांडी घालून बसला. पाढा लिहिला. "हजारात तीनशे तेरा तीनदा. नऊशे एकोणचाळीस. उरले एकसष्ट. सहाशे दहा. त्यात एकदा. उरले दोनशे सत्त्याण्णव. वरचे तीन खाली. दोन हजार नऊशे त्र्याहत्तर." इथे तो अडला. पाढ्यावर बोट फिरवलं. "आठदा. दोन हजार पाचशे चार. बाकी चारशे एकोणसत्तर. जात न्हाई, घ्या! झालं."

"मामा," आदर्श म्हणाला.

"काय?"

"पोत्यात जागा हाय."

 विहारात असा हशा उठला की दारातली कबुतरं उडाली. मामा चौकोनाकडे बघत राहिला. तीनशे तेरा, आणि बाकी चारशे एकोणसत्तर. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तोही हसायला लागला, पोट धरून, आणि हसता हसता त्याने आठ खोडून नऊ लिहिलं. हशा ओसरला तेव्हा सगळ्यांना आठवलं की अजून वजाबाकी राहिलीय. चारशे एकोणसत्तरातून तीनशे तेरा.

खडू कुरकुरला. "एकशे छप्पन," मामा म्हणाला. जरा थांबून त्याने पुन्हा मनाशी केलं. "हाव. एकशे छप्पन. न्हाई मोडत."

पोरांनी केलेला दंगा मी लिहीत नाही. शेजारच्या गल्लीतून माणसं बघायला आली एवढं सांगतो.

तनुजा नाचली नाही. मामासमोर बसून राहिली. "मामा, आरतीला काय सांगनार?"

मामाने खडूचे हात झटकले. "काय सांगू? टेबल भर म्हनतो."

"तसं न्हाई. सावडीत एक ओळ तुम्ही मारलीत. ती आम्हाला फेडावी लागतीया. तुम्हाला जेवायला पन घालावं लागतंय."

"जेवायला घाला. भूक लागलीय."

"आन् उन्हाळ्यात आरतीला हितं पाठवा. तिची जी काय गणितं राहिली असतील, ती घेऊन. आम्ही तेवीस जनं हाव."

मामाने रामकिशनकडे पाहिलं. रामकिशन दारात उभे होते. ते सवयीने "बघू" म्हणणार होते, पण तुळजाबाईने कोपर मारलं. "पाठवा, भुजंगराव," ते म्हणाले.

मामाला निघायला सहा वाजले. तो भाकरी-बेसन खात असताना पोरांनी बादल्या आणून फरशी धुतली. बासष्ट भागाकार मोरीतून वाहून गेले.

एप्रिलच्या शेवटी टेम्पो परत आला. मागच्या फळीवर, जिथे ड्रायव्हर लोक काहीबाही लिहितात, तिथे पिवळ्या रंगात रंगवलेलं होतं, '१,००,००३ – मोडत नाही'. मामाची तक्रार होती की नांदेडच्या नाक्यावर लोक ह्याला टेम्पोची किंमत समजतात, आणि मग त्याला गाडी बाजूला लावून समजावून सांगावं लागतं.

टेम्पोतून आरती उतरली. चष्मा, दोन वेण्या, पाठीवर जड दप्तर. रविवार होता. तनुजाने तिला विहारात आणून विशाखा आणि आदर्शच्या मधला चौकोन दिला, हातात खडू दिला. आरतीने दप्तरातून गणित काढलं, खाली वाकली, दोन ओळी लिहिल्या आणि सवयीने डावा तळहात त्यांच्यावर ठेवला.

आदर्शने तिच्या तळहाताकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"आगं, हात काढ," तो म्हणाला. "पुसून चाललंय तुझं."